सुटी

शनिवारी अकराला सुटी होते.
म्हणजे खाट सुटते, हातातली सुई सुटते,
जिन्याखाली रिक्षावाल्याशी हुज्जत,
आणि बारा वीसची कापडणे गाडी
सुटायच्या आत गाठायची असते.
एवढ्या सुटण्यात
एक गोळी सुटली तर कोणाला कळतं?

मी धुळ्याला, औषधाच्या खिडकीत.
बावीस वर्षं हात पाहिले नुसते, मनगटापर्यंत.
चेहरे जाळीपलीकडे.

सोनगीरचे हिलाल कासार तांब्याचे हंडे ठोकायचे.
त्यांच्या कागदावर गोळीपुढे दोन इंग्रजी अक्षरं होती,
दिवसातून दोनदा, अशा अर्थाची.
नातवानं अक्षर लावून वाचलं : बी. डी.
डॉक्टरांनी तर बजावलेलं, बिडी सोडा.
त्यांनी दोन्ही सोडलं.
एकोणिसाव्या दिवशी परत आणलं त्यांना.
कागद खिशात होता. नीट, प्लास्टिकमध्ये घडी घालून.
शिक्का माझाच.

तेव्हापासून खिडकी लावून मी वॉर्डात जातो.
साहेब म्हणतात, रांग कोण सांभाळणार?
रांग ओरडते. तिचंही खरं आहे.

झुलाल भामरे, खाट अकरा.
मथाबाईंनी पिशवी उपडी केली :
साखरेच्या जुन्या गोळ्या, पुडीत अंगारा,
आणि गावातल्या मेडिकलवाल्यानं दिलेली
हीच गोळी, दुसऱ्या नावाची.
दोन्ही घेतल्या असत्या.
"कोनती गोई कव्हय लेवानी, दादा?"
सांगितलं. मग म्हटलं, आता तुम्ही मला सांगा.
चुकल्या. पदराआड हसल्या. पुन्हा सांगितलं.
भामरे भिंतीकडे तोंड करून :
"आते बरं वाटस माले. गोया कसाले?"
बरं वाटतंय ते गोळ्यांमुळेच, मी म्हणालो.
हे वाक्य इतक्यांदा बोललोय
की माझ्याच तोंडात गुळगुळीत झालंय.

मंगळवारी फोन लावला.
मागे पिठाच्या गिरणीची घरघर.
मथाबाई नखानं चाचपत
पाकिटातले रिकामे खळगे मोजू लागल्या,
एक, दोन, तीन, चार
आणि थांबल्या.
माझं पेनही थांबलं.
"हाई काल रातनी शे. त्या जपी गयथात.
मी उठाडं नही."

आमच्या अहिराणीत
झोपणं म्हणजे जपणं.
उठवत जा, म्हणालो, झोपमोड झाली तरी.
गिरणीत त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे.
वहीत लिहिलं : भामरे. एक उरली.
शुक्रवारी पुन्हा.