श्वासाची काटकसर

सकाळी आठला पाच नंबरच्या पलंगाभोवती आम्ही सातजण,
आणि मधे सुरकी राठवा, वय आठ, वजन सोळा,
कवांटच्या पुढच्या कुठल्याशा फळियातली.

उजव्या फुप्फुसावर चढलेली पुवाची साल
मांकडबाईंनी परवा सोलून काढली.
सव्वाचार तास.
संत्रं सोलतात तशी नव्हे,
ओल्या भिंतीवरचा जुना कागद सोडवावा तशी,
खालचं काही फाटू न देता.

आता फुप्फुस फुगायला हवं, म्हणजे तिनं खोकायला हवं.
आणि ती खोकत नाही.

दुखतंय तिला, गुप्ते म्हणाले,
आणि पाठीतल्या बारीक नळीतलं औषध किंचित वाढवलं.
अंगात जोरच कुठाय, निमिषा म्हणाली,
डाळीच्या पाण्यात तूप सोडू.
दोघे शिकाऊ डॉक्टर फोटो उजेडात धरून उभे,
खालचा कोपरा कालही पांढरा, आजही.
लीलम्मा सिस्टरनी तापाचा कागद पुढे केला, बोलल्या नाहीत.
मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
श्वास शिकवणं हे माझं खातं.

मी काय काय केलं नव्हतं!
तीन चेंडूंचं खेळणं दिलं; एक जेमतेम उचलला, दोन ढिम्म.
सुरसागरच्या काठावरून भिरभिरं आणलं.
उत्तरायण आलंय, तुझ्या पतंगाला वारा कोण देणार,
असं गुजरातीत विचारलं, मग माझ्या दांडियाबाजारी मराठीत.
दोन्हींकडे ती सारख्याच अदबीनं बघत राहिली
आणि ओठ मिटून घेतले,
जत्रेत पैसे मुठीत धरावेत तसे.

कंकूबेन लादी पुसत होती.
बदलीची बाई आली नव्हती, म्हणून रात्रीपासून इथेच.
पोछा थांबवून, आमच्यापैकी कुणाकडेच न बघता म्हणाली,
"वाचवतेय ती."
काय?
"श्वास. रात्री मला विचारत होती आमच्या बोलीत,
बाटलीत जातो तो परत देतात का म्हणून."

आम्ही खाली पाहिलं.
छातीतून निघालेली नळी, पलंगाखालची बाटली,
पाण्यात एक बुडबुडा.
थांबून, आणखी एक.
आम्ही ते मोजत होतो, तक्त्यात मांडत होतो.
तीही मोजत होती.

मांकडबाई ओल्या लादीवरच बसल्या.
सांग तिला, तो तुझा श्वास नाही,
घरात चुकून शिरलेला वारा आहे, त्याला हाकलतोय आपण.
कंकूबेननं ते पलीकडे नेलं.
वाटेत त्यात काय मिसळलं कोण जाणे,
एक कोंबडी नक्की होती, हाताच्या हावभावावरून,
आणि कुणाची तरी सासू.
सुरकी हसली.
हसता हसता खोकली.
बाटली चहासारखी उकळली!
ती दचकून कंकूबेनकडे बघायला लागली.
कंकूबेननं मान हलवली: अजून.

आमच्या तक्त्यात सहीचे रकाने आहेत, खात्यागणिक एक.
झाडूपोछ्याचा नाही.
लीलम्मांनी त्या दिवशी समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं,
मल्याळममध्ये. मी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी बाटली गप्प झाली, नळी निघाली.
सुरकीनं हट्टच धरला,
नीट बघा, तळाशी माझा थोडा राहिला नाही ना.
मांकडबाईंनी बाटली खिडकीपाशी नेली
आणि खरोखर, बराच वेळ, बघितलं.