गाढ झोपेची परवानगी

बिश्केकहून पत्र आलं: धरणात पाणी कमी आहे,
कचेरीने वीज वाचवावी.
सही अस्पष्ट, आकडा स्पष्ट. एक तृतीयांश.

गंमत अशी की पाणी कमी आहे
हे त्यांना आम्हीच कळवलं होतं.
नारीन नदीची पातळी दर पंधरा मिनिटांनी
जिथे येऊन पडते, ते कपाट जिन्याखाली, माझ्या ताब्यात.
तीन सर्व्हर. दोन लिनक्सवर,
तिसरा म्हातारा, फ्रीबीएसडीवर.
तो माझ्या आधीच्या अस्करबेकने बसवला
आणि पासवर्ड चहाच्या डब्याच्या तळाशी लिहून
कझानला निघून गेला.

बाहेर उणे बावीस.
मी हातमोज्यांची बोटं कापून कीबोर्डपाशी बसले.
आधी नुसतं पाहिलं:
सगळे कोअर दोन पूर्णांक सहा गिगाहर्ट्‌झवर,
पहाटेचे तीन असोत की जेवणाची सुट्टी.
नदी गोठलेली, आकडा हलत नाही,
तरी हे दंड थोपटून उभे
कुणीच न उतरलेल्या आखाड्यात.
गव्हर्नर: परफॉर्मन्स.
कुणी लावला? कुणीच नाही. खोक्यातून तसाच आला.

एक ओळ बदलली. काहीच झालं नाही.
मग यंत्र बंद करून बायॉसमध्ये उतरले.
तिथे कुणीतरी हुकूम सोडून ठेवलेला:
ऑपरेटिंग सिस्टिमचं ऐकायचं नाही.
तो खोडला.

मग झोपेच्या पायऱ्या.
सी-वन म्हणजे नुसता डोळा लागणं,
हाक मारायच्या आत ओ.
मधल्या पायऱ्यांवर पेंग.
सी-सिक्स म्हणजे गाढ,
अंगावरचे दागिनेसुद्धा काढून ठेवून झोपणं.
तिथून उठायला एकशेतीस मायक्रोसेकंद.
शेअर बाजारात एवढ्यात माणसं बुडतात म्हणे.
नदीला तेवढा धीर आहे.
मी परवानगी दिली.

म्हाताऱ्याला मात्र हे सगळं उशिरा कळलं.
पॉवरडी सुरू केल्यावर त्याचा पंखा
आधी रागावला, मग कण्हला,
मग अकरा वर्षांत पहिल्यांदा
मला जिन्यावरून जाणाऱ्या बुटांचा आवाज ऐकू आला.

चारशे बारा वॅटवरून दोनशे त्रेसष्ट.
छत्तीस टक्के. मी आकडा कागदावर दोनदा लिहिला,
उगाच.

सकाळी उरुमकान-एजे दारात.
रात्रपाळीची राखणदार, डोक्याला करडी शाल.
"यंत्र आजारी आहे का गं?"
"का?"
"रात्रभर त्याचा श्वास गार होता."
मग पातेलं पुढे केलं.
दूध. नुसतं दूध.
"विरजण लागलं नाही."

कपाटामागे, वायरींच्या जुडग्याशेजारी,
जिथे मी कधी वाकून पाहिलं नव्हतं,
तिथे एक पाट होता, त्यावर गोल डाग,
आणि सुकत घातलेले नमद्याचे मोजे.
ती काही मागत नव्हती.
झाकण लावून परत निघाली.

दुपारभर मी पत्राचं उत्तर लिहीत बसले आणि लिहिलं नाही.

कपाटाच्या वरच्या फळीवर एक डिस्क होती:
नदीच्या जुन्या वह्यांचे फोटो, चाळीस वर्षांचे,
हाताने लिहिलेले आकडे, कुणी कधी न वाचलेले.
"सवडीने करू" असं मी तीन साहेबांना सांगितलेलं.
ते काम म्हाताऱ्याला लावलं.
रात्री एक ते पाच, फक्त एक कोअर, पूर्ण वेगात.
सरासरी दोनशे बहात्तर वॅट.
चौतीस टक्के. एक तृतीयांशाच्या केसभर वर.
अहवालात लिहिलं: अभिलेखांचे जतन.
खोटं नव्हतं.

परवा रात्री झोप येईना म्हणून घरूनच आत डोकावले.
पंधरा मिनिटांचा आकडा आला, एक कोअर उठला,
नोंद केली, कूस वळवून पुन्हा सी-सिक्समध्ये.
बाकी सगळे गाढ.
एकटा म्हातारा जागा,
एकसष्ट सालचा मार्च वाचत होता:
*आज बर्फ फुटला. मोजपट्टी वाहून गेली. उद्या नवी लावू.*
तापमान अठ्ठावन्न अंश.
त्याच्या पाठीशी, दिसत नसलं तरी,
झाकलेलं पातेलं.