तीन चाळीसचं पुनःप्रक्षेपण

रात्रपाळीत वाहिनी माझ्या एकटीच्या हातात.
बाहेर अस्ताना, उणे एकतीस,
छतावर सरकारी तबकडी बर्फाची टोपी घालून
अख्ख्या देशाला फुकट खेळ वाटत उभी.
फुकट, म्हणून आभार कुणी मानत नाही.
तक्रारी मात्र वहीभर:
हॉकी मधेच का तोडली,
मंत्र्यांचा घोडा दोनदा का दाखवला.

क्युलपाश आपांची तक्रार नसते.
महिन्यातून एकदा अर्कालिकहून फोन येतो.
आधी माझ्या गुडघ्याची चौकशी,
मग त्यांच्या इमारतीची हालहवाल:
मजले पाच, दिवे तीनच खिडक्यांत.
मग घसा खाकरून,
"पोरी, ती अठ्ठ्याण्णवची जिल्हा कुस्ती
परत कधी लावतेस?"

त्या कुस्तीत त्यांचा तोलेगेन जिंकला नाही.
हरलाही नाही म्हणा,
त्याची लढत कॅसेटवर आलीच नाही.
उपांत्य फेरीत, पंचांच्या मागे,
तो पाणी पितो.
चार सेकंद.
हलणारा तोलेगेन जगात एवढाच उरलाय,
बाकीचा फोटोत, खिळ्याला.
कसा गेला ते मी विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही.
गुडघ्यावरच बोलत राहतो आम्ही.

सेरझान साहेबांचा हुकूम आला:
जुन्या कॅसेटा छाटा,
तासाची वीस मिनिटं करा, निकाली डाव तेवढे ठेवा,
पाणी पिणारी पोरं कोण बघतंय?
खरंच आहे. कोण बघतंय.
बसले छाटायला.
पंचांच्या मागे चित्र थांबवलं
आणि मोजलं.
पाणी पिणारी पोरं चार.
चौघं पाठमोरे,
चौघांचे कान पैलवानी, चुरगळलेले,
सुक्या जर्दाळूसारखे.
पेला एकच, हातोहात फिरणारा.

या खेपेला मीच फोन लावला.
आपा, तुमचा कुठला?
डावीकडून सांगा.
पलीकडे किटलीचं झाकण वाजत होतं.
"कुणास ठाऊक, बाई.
दोन हिवाळे झाले, मला चित्र दिसत नाही.
मी ऐकते.
पाणी पिताना त्याला ठसका लागायचा, लहानपणापासून.
त्या मेल्या समालोचकाच्या बडबडीखाली आहे बघ.
नीट कान दे."

कॅसेटला आवाजाचे दोन पट्टे असतात.
एकावर समालोचक, दुसऱ्यावर नुसतं सभागृह.
पहिला खाली ओढला.
बूट घासले, बाक करकरला,
कुणीतरी कुणाच्या तरी आईवरून शिवी दिली,
आणि मग
कोवळा, ओला, जरा लाजलेला
एक ठसका.
मागोमाग हसू. बाकीच्या तिघांचं असावं.

निकाली डाव छाटले. वेळ तर भरायला हवी होती.
पहाटे तीन चाळीसला कुस्ती गेली,
उपांत्य फेरीत समालोचक चार सेकंद मुका.
बरं, सहा.

सकाळी पाळी संपवून गमबूट चढवत होते,
तर फोन. किझिलोर्दाचा कुणी ट्रकवाला,
धाब्यावर थांबलेला, चिडलेला:
"ऐन रंगात आवाज कसा गेला हो तुमचा?
फुकट दाखवता म्हणून काहीही दाखवाल?"

माफी मागितली.
वही उघडली.
लिहिलं: तांत्रिक बिघाड.