कसर

पंखा बंद केल्याशिवाय
आभाळ पसरता येत नाही.
फरशीवर अकरा वर्षांचे फोटो,
एकच खिडकी, पाचवा मजला,
समोर कांजूरची मिठागरं.
मार्चमधली, चौकटीच्या वहीसारखी आखलेली.
ऑगस्टमधली, बांध बुडाल्यावरचं एकच पसरट पाणी.
आणि जानेवारीतली, ज्यांत काहीच दिसत नाही.
धुरकं.
तेही टिपलंय. रोज. सात दहाला.

एका फोटोत पोशा म्हात्रे आहेत, पाठमोरे,
इतके लांब की नखाने खरवडले तर जातील.
एकदा खाली जाऊन दाखवला त्यांना.
म्हणाले, "यो मी नाय. यो तं बांद हाय."
मग डोळे बारीक करून,
"बांद पन गेला आता."

कात्री आईची, ब्लाउज बेतायची.
खळ मी घरीच शिजवते, मैद्याची,
चिमूटभर मोरचूद घालून.
पाणी घेते सातव्या वर्षातलं,
त्यावर नवव्यातलं मळभ.
टॉवर उभे राहिले तिथे
भरती-ओहोटीच्या तक्त्याचं पान, हातानेच फाडून,
किनारा कुठे सरळ असतो.
वीजबिलाची निळी पट्टी म्हणजे खाडी.
धुरक्यासाठी बरेच कागद लावून पाहिले.
शेवटी बाबांच्या छातीचा एक्स-रे बसला.

बाबा हात पुढे करायचे,
"बघ गं, ताप नाही. कसर आहे नुसती."
हल्ली फेब्रुवारी तशी असते.
खिडकीचा गज धरला तर
ताप म्हणावा असं काही नाही.

दिवाळीत माळ्यावरचा पुठ्ठा काढला
तर कसर लागलेली.
मोरचुदाची चिमूट कमी पडली असेल.
तिने आभाळ खाल्लं नव्हतं, पाणीही नाही,
खळ लागलेल्या तेवढ्या जागा खाल्ल्या,
जोड.
उचलला तर सातवं वर्ष नवव्यापासून सुटलं
आणि मांडीवर पडलं.
खाडी निघून पुन्हा वीजबिल झाली,
चारशे बासष्ट रुपये, भरलेलं.
एक्स-रे तेवढा शाबूत. प्लास्टिक कोण खातंय.

झटकताना एक निघाली.
चंदेरी, कसलीच घाई नसलेली,
मार्चच्या मिठागरावरून चालत
कडेला आली, थांबली.
मी चप्पल उचलली होती.
मग ती कुठे गेली ते पाहिलं नाही.

पोशा म्हात्रेही खाल्ले गेलेत.
त्यांच्या जागी नखाएवढं भोक,
त्यातून मागचा पुठ्ठा दिसतो,
तपकिरी, ओलसर, आडवा.
आता तो बांधच दिसतो.
कधी भेटले तर सांगेन त्यांना,
बरोबर होतं तुमचं.

सकाळी सात दहाला
खिडकीत नेहमीसारखी उभी राहिले.
परतून गॅस लावला, मैदा कालवला,
गुठळ्या मोडेपर्यंत ढवळत राहिले.
या खेपेला मोरचुदाशिवाय.