जुन्या तांबट लेनमधली तक्रार

तक्रार अशी : संध्याकाळी सहा ते नऊ
आवाज तुटतो, चेहरा गोठतो.
तक्रारदार वसुमती वडनेरे, दुसरा मजला.
लेक सुरतेला, आठवा महिना.

मी चार फोन पाठीवर, लॅपटॉप गळ्यात,
बोळाबोळातून हिंडते.
(ताई, जनगणना का?)
पडद्यावर ठिपके उमटत जातात, लाल, लाल.
लाल म्हणजे सिग्नल नाही असं नव्हे,
इथे लाल म्हणजे सिग्नल फार.
रविवार कारंजावरचा खांब, शाळेच्या गच्चीवरचा,
बँकेच्या पाटीमागे दडवलेला छोटा,
तिघं एकाच पट्टीत
आपापल्या माणसांशी बोलतात
आणि वसुमतीबाईंच्या कानात तिघांचंही सांडतं.

सातपूरहून मेघश्याम विचारतो, पॉवर वाढवू?
नको रे. एकाने वाढवली की दुसरा वाढवणार,
मग पंगतीत होतं तेच :
सगळे ओरडतात,
मीठ कुणालाच मिळत नाही.

खाली अंबादास वडनेरे हंडा घडवत होते.
समोर भाऊ, शेजारी भाचा, तीन हातोडे.
मी कानात बोटं घातली.
ते मात्र भाच्याला काहीतरी सांगत होते
आणि त्याला ते कळत होतं.
कसं काय? मी ओरडले.
ओरडू नका, हे ओठांवरून वाचलं.
मग एका फटीत त्यांनी शब्द टाकले :
दोन ठोक्यांच्या मधे बोलायचं.
आणि ज्याचं काम नाजूक
त्याच्यापायी बाकीच्यांनी
एक ठोका सोडायचा.

आमच्या पुस्तकात याला अकरा पानं लागतात.

त्या रात्री मेघश्यामने कारंजावरच्या खांबाला
दहातला एक ठोका सोडायला लावला.
इक्बालने शाळेच्या गच्चीवर,
जुन्या मांज्यात पाय गुंतलेला,
अँटेनाची मान दोन अंश खाली वाकवली.
लाल ठिपके पिवळे झाले.
हिरवे नाही. पिवळे.

मग रंगपंचमी आली, रहाड उघडली.
बँकेमागचा छोटा खांब बारीक झोत टाकतो,
बॅटरीसारखा, एकेका फोनवर नेमका.
पण माणूस निम्म्याहून जास्त पाणी,
आणि इथे वरूनही भिजलेला.
पोरं धप्पा मारत, केशरी होऊन वर येत,
आणि उभं राहिलेलं प्रत्येक अंग
झोताच्या वाटेत भिंत.
बाई ओट्यावर उतरल्या होत्या,
लेकीला रहाड दाखवायला, फोन उंच धरून.

चार बेचाळीसला झोत मेला.
फोनने पहिला पर्याय चाचपला, बंद.
दुसरा, बंद.
सुरतेत आईचा चेहरा तोंड उघडं ठेवून थांबला.
तिसऱ्या खेपेला फोनला काही सापडलं,
समोरून नव्हे, उजवीकडून,
जिथे आमचा एकही खांब नाही.
चेहरा सुटला. वाक्य पुरं झालं.
वाक्य होतं, तू पाय वर करून बस.

घरी येऊन मी नोंद तीनदा वाचली.
कोन काढला, नकाशावर रेघ ओढली,
रेघ वडनेऱ्यांच्या दुकानात शिरली
आणि खुंटीवर टेकली.
तिथे तांब्याची परात, नवी, लख्ख,
तळ गल्लीकडे.
गर्दीच्या डोक्यावरून आलेला झोत
तिने बाईंकडे ढकलला होता,
कुणी न सांगता.

मंगळवारी तीच तक्रार. तोच क्रमांक.
गेले तर खुंटी रिकामी :
परात सिन्नरच्या लग्नघरात गेलेली.
अहवालात 'उपाय' नावाचा रकाना आहे.
बराच वेळ मी त्यात काही लिहिलं नाही.
अंबादासकाका नवा पत्रा कापत होते.
ठोके थांबवून म्हणाले,
आठ दिवस लागतील.

मी लिहिलं : आठ दिवस.