तिसरी पाळी

उदगीरच्या दवाखान्यात खुब्बा मॅडमनी
कागदावर दोनच ओळी लिहून दिल्या:
साखर बंद.
प्रथिनं दिवसाला साठ ग्रॅम.
अप्पांनी चष्मा कपाळावर सारला.
"ह्या दोन्हीच्या मधात कुल्फी कुठं बसती का, बाई?"

एकतीस गळीत हंगाम
अप्पा कारखान्यात पॅनमन होते.
उकळत्या पाकातून दाणा उठवायचा,
सांभाळायचा, हव्या त्या मापाचा झाला की सोडायचा.
आता तीच साखर
सकाळी उपाशीपोटी, बोटाच्या टोकाला
तीनशे बारा भरते.
"जुना हिशोब काढूलालीय," म्हणतात
आणि कापूस दाबून धरतात.

बसत असेल तर बसवू, म्हटलं.
दही फडक्यात बांधून नळाच्या तोटीला टांगलं,
रात्रभर ते ठिबकत राहिलं.
चक्क्यात फुटाण्याचं पीठ चाळून घातलं,
मूठभर दाण्याचं कूट, वेलदोडा, चिमूटभर मीठ,
खजूर दोन. मोजून दोन.
स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजरला लावलं.

सकाळी काढलं तर वरवंट्याचा चुलतभाऊ.
चमचा वाकला.
राजनंदानं डबा कानाशी नेऊन वाजवून पाहिला.
दुसऱ्या खेपेला सोयाबीनचं दूध;
आडतीवरच्या पोत्यात तोंड घातल्यागत वास.
तिसऱ्या खेपेला भाच्याच्या जिममधली पावडर,
फळ्याच्या खडूला व्हॅनिला लावून चाखावा, तशी.
आणि तिन्ही वेळा दगड.
दगडात मात्र फरक नाही.

तेव्हा अप्पा ओट्यापाशी आले.
लग्न होऊन आले तेव्हापासून
त्यांना ओट्यापाशी मी पाहिलं नव्हतं.
"काय करूलालीस गं, महानंदा?"
गोठवायलेय, पण दगड व्हायलाय.

"होणारच की. साखर नुसती गोड करती वाटलं का तुला?
पाणी एकमेकाला धरायला निघालं
की ती मधी जाऊन उभी राहती.
आता तिला काढलीस,
तर तिचं काम कुणी तरी करावं लागंल."

मग त्यांनी कपाटातून
जुन्या चष्म्याची निघालेली काच आणली,
तिच्यावर बोटभर माल पसरला
आणि ट्यूबलाइटकडं धरून
एक डोळा मिटला.
"निवांत सोडलं की दाणा माजतो.
थोडेच उठतात, एकेक हरभऱ्याएवढा.
हलवत राहिलं की लई दाणे उठतात,
आणि लई झाले
की कुणीच मोठा होत नाही."

सोळा वर्षांत एवढी वाक्यं
ते माझ्याशी सलग बोलले नव्हते.
चहा. पेपर. गोळी.
फार तर, दार लोटून घे.

चौथ्या खेपेला काटा चमचा घेऊन मी बसले.
साडेनऊला हलवलं. दहाला. साडेदहाला
डोळा लागता लागता डबा हातातून सुटणार होता,
तो त्यांनी धरला.
"जा, नीज. तिसरी पाळी माझी."

सकाळी काटा चमचा धुऊन पालथा घातलेला.
फ्रीजच्या दाराला, चुंबकाखाली,
कालनिर्णयाच्या फाटक्या पानाच्या पाठीवर
कारखान्याच्या वहीतलं अक्षर:

११.०० हलवले. कडेला दाणा, मधे पातळ.
११.३० हलवले.
१२.०५ लाईट गेली. डब्याला गोधडी गुंडाळली.
१२.५० लाईट आली. हलवले.
१.२० काचेवर पाहिले. दाणा बारीक, सारखा.
२.०० पॅन सोडला.

आणि खाली, जरा लहान अक्षरात,
सही मारायच्या जागी:

मालात एक चमचा तूट आहे.
नोंद असावी.