अडीच दिवस

कंपनी लिस्बनपर्यंत नेतेय. शुक्रवार दुपारनंतरचे
अडीच दिवस माझे.
मी पोर्तो ठरवलंय. नकाशात पाहिलं:
नदीकडं उतरत गेलेलं शहर,
घरं एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन उभी.

शर्मिष्ठा म्हणाली, चढ फार गं तिकडं,
माझ्या जावेचे गुडघे दुसऱ्याच दिवशी बोलायला लागले.
हॉटेलवाल्यांनीही तांबड्या अक्षरांत लिहिलंय,
एकशे बारा पायऱ्या, लिफ्ट नाही,
सामान जड असल्यास आधी कळवावे.

भांडुपला आमच्या पायऱ्या मी कधी मोजल्या नाहीत.
नळ खाली, आम्ही वर,
साडेचारला यायचं पाणी, सव्वापाचला गेलेलं असायचं.
आणि टेकडीपलीकडं अख्ख्या मुंबईचं पाणी
गाळून, निवळून निघायचं शहराकडं
पुरुषभर उंचीच्या पाइपांतून.
आम्हाला त्या पाइपाचा गारवा तेवढा.
त्याला पाठ टेकून मी दहावी केली.

आता कांजूरमार्ग, चौदावा मजला.
आई कोथिंबीर निवडतेय,
मी विचारते, वर राहू की खाली, नदीकाठी?
खालचं महाग आहे, तीस युरो रोजचे.
तिला युरोशी देणंघेणं नाही.
पाणी कुठंय?
खालीच की. नदी आहे.
आणि चढताना हातात काय असणार तुझ्या?
अर्ध्या लिटरची बाटली असेल, मी म्हणते.
ती हसते ती हसतेच,
काड्या न् पानं एकत्र होऊन जातात पुन्हा.
मग चढ कसला गं तो!

थोड्या वेळानं, मान खाली घालून:
आपल्या एकशे चौऱ्याऐंशी होत्या.
साठाव्वीला नाईकांचा कट्टा, तिथं हंडा टेकायचा.
तिथं टेकायला आहे का काही, ते बघ.

मंगळवारी व्हिसाची तारीख. बँकेचे कागद अजून यायचेत.
ते सोडून मी रात्री बाराला
फोनवर त्या पायऱ्या चढतेय, बोटानं, एकेक फोटो सरकवत.
मधल्या वळणावर बुटका दगडी कठडा,
त्यावर दोन पिशव्या ठेवून उभी एक बाई,
कमरेवर हात,
चेहरा नियमाप्रमाणे पुसट केलेला.

आईला दाखवते. ती चष्मा पुसून बघते.
दमलीय, म्हणते. पण जागा बरोबर धरलीय.

मी वरचं बुक केलंय.
बुधवारपर्यंत रद्द करता येतं.